बक्षीस, बिदागी आणि मानधन

सेवेबद्दल अथवा रंजनाबद्दल जे द्यावयाचे, त्याला मराठीत एक नाव नाही. गड्याला दिवाळीचे पोस्त, भिक्षुकाला दक्षिणा, कीर्तनकाराला बिदागी, तमाशातील नर्तकीला दौलतजादा. या प्रत्येक शब्दात देणाऱ्याचा हात किती उंचावर आहे आणि घेणाऱ्याची मान किती लवली आहे, याची नोंद आहे. बिदागी निरोपाच्या वेळी देतात, म्हणजे पाहुण्याला देतात. दौलतजादा मात्र भर खेळात दिली जाते. नोट दाखवावी, नर्तकीने जवळ येऊन ती घ्यावी आणि देणाऱ्याचे नाव चारचौघांत पुकारले जावे. त्यात कलेची कदर असते तशीच देणाऱ्याची हौसही असते.

मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, राहणाऱ्या मराठी माणसाला या भेदाचा इतिहास दूर शोधावयास नको. त्याचा एक धागा आपल्याच तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातून निघतो. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे उरली ती वार्षिक एक लक्ष होनांची नेमणूक व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. सत्ता गेली, परंतु दातृत्व गेले नाही. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चौघा बंधूंनी याच दरबाराच्या आश्रयाने सदिर नृत्याच्या कार्यक्रमाला आज परिचित असलेला क्रम दिला. खुद्द महाराजांनी नृत्यासाठी मराठी पदे रचली. येथे कलावंताचे पोट एखाद्या रात्रीच्या लहरीवर अवलंबून नव्हते. दरबाराचे वेतन होते, देवळाची इनाम जमीन होती. वर मिळे ती शाल अथवा मोहोर, ती शोभेची.

दुसरे शिवाजी राजे १८५५ साली निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. आश्रय तुटलेली अनेक कलावंत घराणी मद्रासेस आली. येथे राजा नव्हता, व्यापारी व दुभाषे होते. लग्नात वा मेजवानीत नाच ठेवणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. नेमणुकीची जागा सुपारीने घेतली आणि शोभेचे बक्षीस हाच उपजीविकेचा मोठा भाग होऊन बसला. जिचे पोट बक्षिसावर, तिला नाही म्हणण्याचा अधिकार किती? समाजसुधारकांचा रोष भडकला तो या जागी. १८९३ साली त्यांनी व्हाइसरॉय व मद्रासचे गव्हर्नर यांना अर्ज करून, अशा नाचांच्या बैठकींना जाऊ नये, अशी विनंती केली. दोघांनीही ती मानली नाही.

पुढे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. त्यांच्या प्रयत्नाने १९२९ साली झालेल्या कायद्याने देवदासींच्या इनाम जमिनी देवळातील सेवेच्या अटीतून मोकळ्या करून त्या स्त्रियांच्याच हाती ठेवल्या. १९४७ च्या कायद्याने देवाला मुली वाहण्याची प्रथाच बंद झाली. या सुधारणेने पुष्कळ मुलींची सुटका झाली, हे निर्विवाद. परंतु जिची विद्या हीच तिची मिळकत होती, त्या नर्तकीचा रंगमंचही त्याच वादळात हिरावला गेला, हेही तितकेच खरे. नृत्य नव्या नावाने, भरतनाट्यम् म्हणून, इतरांच्या घरी गेले. जुन्या घराण्यांतील मोजक्याच स्त्रिया त्याबरोबर पुढे येऊ शकल्या.

त्यांपैकी बालसरस्वती (१९१८–१९८४) यांचे घराणे तंजावरच्या दरबारचे. त्यांच्या आजी, वीणा धनम्माळ, यांच्या जॉर्ज टाउनमधील घरी शुक्रवारी संध्याकाळी निवडक रसिक जमत आणि श्वास आवरून वीणा ऐकत. गरिबीतही त्या वीणेने मान खाली घातली नाही. बालसरस्वतींना १९५७ साली पद्मभूषण मिळाले आणि १९७३ साली मद्रासच्या संगीत अकादमीने ‘संगीत कलानिधी’ हा आपला सर्वोच्च मान दिला. आजी व नात यांना मिळालेला मान हाच खरा सन्मान. बाकी सारे व्यवहार.

आज मार्गळी महिन्यात चेन्नईच्या सभांतून श्रोता तिकीट घेऊन बसतो. तिकिटाने एक मोठे काम केले: देणारा निनावी झाला. त्याचे नाव कोणी पुकारीत नाही आणि कलावंताला त्याच्यापुढे वाकावे लागत नाही. मात्र रंगमंचामागचा पडदा ओढणारा, उपाहारगृहात केळीचे पान मांडणारा, रात्री उशिरा घरी पोचविणारा रिक्षावाला यांच्याशी आपले नाते अजून बक्षिसाचेच आहे. स्वतः कोणाकडून काही घेऊ नये, हा सरकारी नोकराचा नियम आपणांस पाठ असतो; द्यावे कसे, याचा नियम मात्र कोणी लिहून दिलेला नाही. इतिहास एवढेच सुचवितो की, जे देणे आहे ते आधी ठरलेले व पुरेसे असावे, आणि त्यावर जे द्यावयाचे ते निरोपाच्या वेळी, कोणाला न दाखविता द्यावे. मग त्याला बक्षीस न म्हणता बिदागी म्हणता येईल.