लेखणिकाचे भाष्य

हरमलसारख्या आमच्या पेडणे महालातील गावांत देवळाच्या चौकात पोथी लागते, तेव्हा श्रोते अर्थ ऐकून तृप्त मनाने घरी परततात. त्या अर्थाचे देवळाच्या दाराशी काय नाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्याने तो स्वतःस विचारला, त्याची कथा येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. ज्ञानी पुरुष ब्राह्मण व चांडाळ यांस समदृष्टीने पाहतो, हा पाचव्या अध्यायातील विचार त्या लेखणीखालून गेला. परंतु पंढरीत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच होती, आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांनाही आत प्रवेश नव्हता. नाशकास काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांनी १९३० साली आरंभिलेला सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नव्हते.

गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांस विनविले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. विठ्ठलमंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. लेखणिकाने गीतेवर आपले भाष्य केले, ते देहाने.

प्राण पणास लावणे म्हणजे प्रतिपक्षावर दडपण आणणेच होय, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु शतकानुशतके दाराबाहेर उभ्या केलेल्यांवरील दडपण कोणी मोजले?

आम्ही कायद्याचे अभ्यासक. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कोंकणी बोलणाऱ्या गौड सारस्वतांच्या मुलकी येथील वेंकटरमण देवळासंबंधी १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की संप्रदायाचा हक्क सर्व हिंदूंच्या प्रवेशहक्काच्या आड येऊ शकत नाही. काही विशेष विधींपुरताच त्यास अपवाद राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि हीच घटना आपल्याही दारी आली.

तथापि कायदा दार उघडतो. पंगतीत पान कोठे मांडावे, पालखीस खांदा कोणी द्यावा, हे मन ठरविते. म्हणून पोथी संपल्यावर चौकात क्षणभर थांबून आपण एवढेच पाहावे: आरतीच्या तबकापर्यंत कोणाचा हात अजून पोहोचलेला नाही?