खेळाडू-भरपाई

व्यावसायिक क्रीडासंघातील खेळाडू करार संपल्यावर अथवा अन्य कारणाने दुसऱ्या संघाकडे गेला असता, मूळ संघाची हानी भरून काढण्यासाठी केलेल्या व्यवस्थेस खेळाडू-भरपाई असे म्हणतात. ही भरपाई नवोदित खेळाडू निवडण्याच्या हक्काच्या, रोख रकमेच्या किंवा जुना खेळाडू परत मिळविण्याच्या हक्काच्या रूपाने दिली जाते. सर्व संघांचे बळ शक्य तितके समान राहावे, हा तिचा हेतू असतो. तथापि भरपाईचा भार कोणावर पडतो, यावर खेळाडूचे स्वातंत्र्य व वेतन अवलंबून असल्याने या व्यवस्थेचा इतिहास बव्हंशी खेळाडू आणि संघमालक यांच्या हितसंबंधांतील संघर्षाचा इतिहास ठरला आहे.

अमेरिकेतील विकास : अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, सुरू झाली. तीत आदल्या हंगामात सर्वांत दुबळ्या ठरलेल्या संघाला पहिली निवड मिळते. करार संपलेल्या अनुभवी खेळाडूंबाबत मात्र लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम १९६३ मध्ये करण्यात आला. त्यानुसार असा खेळाडू घेणाऱ्या संघाने मूळ संघाला खेळाडू अथवा निवडहक्क देऊन भरपाई करावी व उभय संघांत एकमत न झाल्यास आयुक्तांनी ती ठरवावी, असे होते. भरपाई किती द्यावी लागेल, हे आधी कळत नसल्याने संघ असे खेळाडू घेण्यास धजत नसत. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष जॉन मॅकी यांनी इतरांसह दाखल केलेल्या दाव्यात १९७६ मध्ये अपील न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरविला. पुढील न्यायालयीन लढ्यांनंतर १९९३ च्या करारान्वये अनुभवी खेळाडूंना करार संपल्यावर खऱ्या अर्थाने संघ बदलता येऊ लागला. त्याला जोडूनच १९९४ च्या ड्राफ्टपासून भरपाई-निवडी देण्यात येऊ लागल्या.

या निवडींचे वैशिष्ट्य असे, की त्या खेळाडू घेणाऱ्या संघाकडून काढून न घेता लीग त्या जादा निर्माण करते. एखाद्या संघाने गमावलेले पात्र मुक्त खेळाडू आणि त्याने मिळविलेले खेळाडू यांची वजावट केली जाते व निव्वळ हानी झालेल्या संघाला तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या अखेरीस निवड मिळते. ज्यांचा करार संपला, तेच खेळाडू यासाठी धरले जातात. संघाने स्वतः काढून टाकलेले खेळाडू धरले जात नाहीत. खेळाडूचे मूल्य नव्या करारातील वेतन, मैदानावर खेळलेला काळ व हंगामाअखेरचे सन्मान यांवरून ठरवितात. त्याचे संपूर्ण सूत्र मात्र लीगने प्रसिद्ध केलेले नाही. मुक्त खेळाडूंबद्दल एका संघास एका वर्षी कमाल ४ व सर्व संघांस मिळून ३२ निवडी देता येतात. २०१७ पासून त्यांची संघांमध्ये देवाणघेवाणही करता येते. २००० साली न्यू इंग्लंड संघाने सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी हा अशाच भरपाई-निवडीने आला होता. त्याने पुढे सात अजिंक्यपदे मिळविली, त्यांपैकी सहा याच संघाकडून.

भारतातील पद्धती : भारतात हा प्रश्न प्रामुख्याने इंडियन प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेमुळे पुढे आला. तिचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. सचिन तेंडुलकर (मुंबई) यांच्यासह पाच मानाच्या खेळाडूंना लिलावाबाहेर ठेवून त्यांना आपल्या संघातील सर्वाधिक मानधनाच्या खेळाडूपेक्षा १५ टक्के अधिक रक्कम देण्यात आली. २००९ मध्ये अदलाबदल सुरू झाली. झहीर खान बंगलोरहून मुंबईकडे व रॉबिन उथप्पा मुंबईहून बंगलोरकडे गेला. येथे खेळाडूची भरपाई खेळाडूनेच झाली. २०२३ च्या अखेरीस हार्दिक पंड्या गुजरात संघातून मुंबईकडे आला, तेव्हा भरपाई रोख रकमेची होती.

अमेरिकन ड्राफ्टशी जवळची घटना १५ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत घडली. चेन्नई व राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाल्याने पुणे व राजकोट या नव्या संघांना त्यांच्या खेळाडूंतून प्रत्येकी पाच जण निवडण्यास सांगण्यात आले. नियामक मंडळाला अधिक रक्कम देऊ केल्याने पुण्याला पहिली निवड मिळाली व त्याने महेंद्रसिंग धोनी यास घेतले. अजिंक्य रहाणेही पुण्याकडे आला. अनुक्रमे साडेबारा, साडेनऊ, साडेसात, साडेपाच व चार कोटी रुपये अशी निवडीची किंमत ठरलेली होती. म्हणजे येथे पहिला मान दुबळ्या संघाला नव्हे, तर अधिक पैसे देणाऱ्याला मिळाला. २०१८ मध्ये मूळ संघ परतल्यावर धोनी पुन्हा चेन्नईकडे गेला.

मोठ्या लिलावापूर्वी संघाला काही खेळाडू राखता येतात. त्यांची रक्कम संघाच्या खर्चमर्यादेतून वजा होते. २०२५ च्या हंगामासाठी मुंबईने पाच खेळाडू राखले, तेव्हा १२० कोटींपैकी ७५ कोटी रुपये खर्ची पडले. न राखलेल्या खेळाडूबाबत २०१४ मध्ये ‘राइट टू मॅच’ हा हक्क देण्यात आला. लिलावातील सर्वोच्च बोलीइतकी रक्कम देऊन मूळ संघ त्या खेळाडूस परत घेऊ शकतो. प्रो कबड्डी लीगमध्येही अखेरच्या बोलीची बरोबरी करण्याची अशीच सोय आहे. क्रिकेटमधील या हक्कात बोली लावणाऱ्याने किंमत ठरवावी व फळ मूळ संघाने घ्यावे, असा दोष होता. म्हणून २०२४ च्या लिलावात सर्वोच्च बोली लावणाऱ्यास आणखी एकदा रक्कम वाढविण्याची संधी देण्यात आली. ऋषभ पंतसाठी लखनौने २०·७५ कोटींची बोली लावली असता दिल्लीने आपला हक्क वापरला. तेव्हा लखनौने ती रक्कम २७ कोटींवर नेली व दिल्लीने माघार घेतली. या दुरुस्तीचा लाभ खेळाडूला मिळाला; दिल्लीला मात्र वेगळी भरपाई मिळाली नाही.

दोन्ही पद्धतींतील मूलभूत भेद यावरून स्पष्ट होतो. अमेरिकेत अनुभवी मुक्त खेळाडू आपला संघ स्वतः निवडतो आणि हानी झालेल्या संघाची भरपाई लीग करते. भारतीय लिलावात खेळाडूला बाजारभाव मिळतो; परंतु तो कोणत्या संघाकडून खेळेल, हे बोली ठरविते.