व्हेनिसची परिषद आणि पुण्याचा उंबरठा

प्लेगचे नाव निघाले की १८९७ सालचे पुणे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. घरोघर शिरणारे गोरे सोजीर, अंगणात फेकलेले सामान, छावणीत नेलेली माणसे, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या. ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तिचा एक धागा थेट इटलीतील व्हेनिस शहरापर्यंत जातो, हे सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही तो धागा हाती घेणार आहोत. एखाद्या राष्ट्राच्या आरोग्याच्या कारभारात जगाने किती हात घालावा, हा वाद सध्या पुन्हा पेटला आहे, आणि त्याची गाठ कोठे पडली हे त्या धाग्यावरून कळते.

या वादाचा आरंभ १८५१ साली पॅरिसला झाला. पटकीची साथ गलबतांबरोबर देशोदेशी फिरत होती, आणि प्रत्येक बंदर आपल्या मर्जीप्रमाणे गलबते क्वारंटीनमध्ये अडकवून ठेवीत होते. यावर एकच नियम करावा म्हणून बारा राष्ट्रे जमली. प्रत्येकाने एक वैद्य आणि एक मुत्सद्दी पाठविला, आणि या जोडीतच सारा पेच होता. वैद्याने रोगाचा विचार करावा, मुत्सद्द्याने व्यापाराचा! सहा महिने खल होऊनही हाती फारसे काही लागले नाही. पुढे १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पटकीचे मूळ घर गंगेच्या खोऱ्यात आहे असा निर्वाळा दिला. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या दाराशी येऊन ठेपली.

त्या कालव्यातून जाणारी बहुतेक जहाजे इंग्लंडची. म्हणून क्वारंटीनला सर्वांत कडवा विरोधही इंग्लंडचाच. १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखविला. तरी इंग्रज सरकारचे तज्ज्ञ तो मानावयास तयार होईनात. जंतू मान्य करावा तर जहाजे अडवावी लागतात, हे त्यामागचे उघड कारण. अखेर १८९२ साली व्हेनिस येथे पहिला प्रत्यक्ष करार झाला, तोही पटकी आणि सुवेझची वाहतूक यांपुरताच.

असे असता १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली: हा प्लेग आहे. युरोपात घबराट उडाली. १८९७ च्या फेब्रुवारीत व्हेनिस येथे केवळ प्लेगसाठी परिषद भरली. आपली बंदरे हिंदी मालाला बंद होतील, या धास्तीने जे सरकार चार दशके टाळाटाळ करीत आले होते, ते एकाएकी कठोर झाले. ४ फेब्रुवारीस साथरोगांचा कायदा झाला. मुंबईहून हजला जाणाऱ्यांची वाट बंद झाली. आणि पुण्यात रँडसाहेबांच्या कमिटीच्या हाताखाली पलटण घरात शिरली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. टिळकांचा विरोध उपायांना नव्हता. रोग्यास वेगळे ठेवावे, घरे स्वच्छ करावी, हे त्यांनी लोकांस सांगितले, हिंदूंसाठी इस्पितळ उभारण्यास हातभार लावला. विरोध होता तो ज्या रीतीने हे चालले होते तिला. व्हेनिसच्या मेजाशी हिंदुस्थानच्या वतीने सरकारी माणसे बसली होती. ज्यांच्या उंबरठ्यावर बूट वाजणार होते, त्यांनी निवडून दिलेला तेथे एकही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली. भारत आरंभीच्याच सभासदांपैकी, आणि १९५० च्या जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्षा होत्या राजकुमारी अमृत कौर. घटनेत एक चतुर तोड काढलेली आहे: सभेने केलेले नियम सर्वांस लागू, पण ठरल्या मुदतीत 'आम्हांस मान्य नाही' असे कळविण्याची मोकळीक प्रत्येक राष्ट्रास आहे. म्हणजे आता मेजाशी आपली खुर्ची आहे आणि तोंडी नकाराचा शब्दही आहे.

मग सारे ठीक झाले काय? १९९४ साली सुरतेत प्लेगची बातमी उठली. प्रवासबंदीची शिफारस संघटनेने केली नव्हती. तरीही कित्येक देशांनी विमाने थांबविली, आपला माल अडविला. २००५ साली नियम नव्याने लिहिले गेले: धोक्याची वर्दी चोवीस तासांत द्यावी, आणि इतरांनी गरजेपलीकडे निर्बंध घालू नयेत. पण ते मोडणाऱ्यास शिक्षा नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने कोरोनाच्या नव्या अवताराची वर्दी तत्परतेने दिली, आणि बक्षीस म्हणून तिची विमाने बंद झाली. २० मे २०२५ रोजी महासाथीचा नवा करार संमत झाला. कोणत्याही देशावर टाळेबंदी वा लसीची सक्ती लादण्याचा अधिकार संघटनेस नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तरीही सार्वभौमत्वाच्या नावाने ओरड चालूच राहिली. अमेरिकेने तर त्याच वर्षी नियमांतील नव्या दुरुस्त्या नाकारल्या.

ही ओरड करणाऱ्यांस आम्ही वेड्यात काढणार नाही. बाहेरच्या धाकाने घरात काय घडते, हे पुण्याइतके कोणाला ठाऊक आहे? परंतु त्याच वर्षाचा दुसरा धडाही विसरून चालणार नाही. बाहेरून शिक्षा होणार असे दिसले की राज्यकर्ते आधी रोग लपवितात, आणि लपत नाहीसा झाला की आपल्याच प्रजेवर तुटून पडतात. म्हणून जिनिव्हाचा हुकूम येईल या भीतीपेक्षा खरे बोलणारा देश एकटा पडतो, ही चिंता आम्हांस मोठी वाटते. मेजाशी मिळालेली खुर्ची आपण याच कामी लावली पाहिजे. उद्या कोठल्याशा मांडवीत एखादा डॉक्टर रोग्याच्या काखेतील गाठ पाहून रोगाचे खरे नाव उच्चारील. त्याच्या सरकारला ते नाव जगापुढे निर्भयपणे सांगता यावे, एवढी तजवीज झाली तरच व्हेनिसपासून आपण काही पुढे आलो असे म्हणता येईल.