आयडलवाइल्ड : काळ्यांचं तळं

दोस्तहो, महाडचं तळं आपल्याला पाठ आहे. आज दुसऱ्या एका तळ्याचा इतिहास सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात लेक काउंटी नावाचा जिल्हा आहे. तिथं आयडलवाइल्ड नावाचं तळं आणि काठाला त्याच नावाचं गाव. उन्हाळ्यात पोहायला, मासे धरायला, गाणं ऐकायला माणसं यायची. सगळी काळी.

सगळी काळीच का? तर २७ जुलै १९१९ चा दिवस बघा. शिकागोत मिशिगन सरोवरावर यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा पोरगा तराफ्यावर होता. पाण्यात रेघ आखलेली नव्हती, ती गोऱ्यांच्या डोक्यात होती. तराफा तिच्या पलीकडं गेला. काठावरून दगड आले, पोरगा बुडून मेला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला धरलं नाही. दंगल पेटली. ३८ मेले, त्यातले २३ काळे. पाण्याचा विटाळ फक्त मनूच्याच देशात होतो असं नाही.

आयडलवाइल्ड त्याआधीच, १९१२ साली सुरू झालं होतं. सुरू केलं गोऱ्या जमीनविक्यांनी. लाकूडवाल्यांनी पाइनचं जंगल तोडून खुंट तेवढे ठेवले होते. ती उजाड जमीन ब्रांच आणि लेमन या कुटुंबांनी घेतली, २५ बाय १०० फुटांचे तुकडे पाडले आणि शिकागो, डेट्रॉइटच्या काळ्यांना विकले. एक तुकडा ३५ डॉलरला. सहा आधी, मग महिन्याला एक. हप्त्याचा अर्थ गिरणीकामगाराला कुणी सांगायला नको. पगारातून एक डॉलर बाजूला काढायचा, कारण जगात एका पाण्याच्या काठावरून तरी कुणी आपल्याला हाकलू नये.

डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स यांनी १८९३ साली शिकागोत हृदयावर शस्त्रक्रिया केली होती. ते इथं येऊन राहिले आणि १९३१ साली इथंच वारले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी इथं जागा घेतली आणि १९२१ साली 'द क्रायसिस' मासिकात या गावाबद्दल कौतुकानं लिहिलं. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि त्यांचं उत्तरही आलं.

१९५० च्या दशकात पॅरडाइज क्लब, फ्लेमिंगो क्लब गजबजले. डेला रीज, फोर टॉप्स इथं गायले. उन्हाळ्यात २५ हजारांपर्यंत माणूस जमायचा.

मग २ जुलै १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेलं, खाणावळी, नाटकघरं काळ्यांना उघडी करावी लागली. ज्याच्या खिशात पैसा होता तो तिकडं गेला. आयडलवाइल्डचे क्लब बंद पडत गेले, घरं ओस पडली. मागं राहिले म्हातारे आणि गरीब.

यावरून काही लोक म्हणतात, कायद्यानं गाव मारलं, जुनंच बरं होतं. हे आपल्याला पटत नाय. कुंपणातलं सुख हे कुंपणातलंच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते तहान भागवायला नव्हे, आपणही माणसं आहोत हे सांगायला. तो हक्क उच्च न्यायालयात पक्का व्हायला १९३७ साल उजाडलं. दार उघडलंच पाहिजे.

पण दार उघडणारा कायदा आतलं बिल भरत नाही. बिल भरता येणारा आत जातो, आणि जाताना वस्तीतलं स्वतःचं असं जे काही उभं होतं त्याच्याकडं पाठ फिरवतो. आयडलवाइल्डला मारलं ते या पाठ फिरवण्यानं. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्या माणसांबद्दल दुःखानं बोलले, ते याच रोगाबद्दल. त्यांनी स्वतः दोन्ही कामं केली. तळ्यावर मोर्चाही नेला आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीही उभी केली.

आपल्यातलेही काही साहेब होऊन सोसायटीच्या फ्लॅटात गेलेत. जाऊ देत, तो त्यांचा हक्क. पण पुढच्या बैठकीत एवढं विचारा : वस्तीतल्या वाचनालयाची वर्गणी त्यांच्यातले कितीजण देतात, आणि किल्ली आज कुणाकडं आहे?

जयभीम.