गाडी ओरडत होती, मी गाण्यांचा आवाज वाढवला

आजच्या भागात इतिहास आहे, पण त्याची सुरुवात आमच्या पार्किंगमध्ये होते.

झालं असं की, बाबांची दहा वर्षं जुनी हॅचबॅक हल्ली मी ऑफिसला नेते. ब्रेक दाबला की पुढून बारीक 'चीं' असा आवाज यायचा. मी काय केलं? गाण्यांचा आवाज वाढवला. आम्हा कोड लिहिणाऱ्यांची सवयच ती. वॉर्निंग आहे ना, एरर नाही ना, मग चालू दे! काही आठवड्यांनी 'चीं' बंद झाला. मला वाटलं, बरं झालं आपोआप. मग एका संध्याकाळी सिग्नलला ब्रेक दाबला आणि 'खर्रर्र'! लोखंडावर लोखंड घासल्यासारखं. पेडलमधून पायाला थरथर जाणवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई-बाबा हीच गाडी घेऊन ताम्हिणी घाट उतरणार होते.

आता हा आवाज समजून घ्यायला जरा मागे जाऊ. ऑगस्ट १८८८, जर्मनी. बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटारगाडी घेऊन निघाली. सोबत दोन मुलं. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरेक किलोमीटर. इतक्या लांबवर मोटार तोपर्यंत कुणीच नेली नव्हती. रस्ता चढउताराचा आणि ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. ते झिजायला लागले. बर्थाने वाटेत एक चांभार गाठला आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथून झाली असं सांगतात.

तिने नेमकं काय केलं बघा. झीज थांबवली नाही. ती थांबतच नाही. तिने झिजायचं काम एका स्वस्त, बदलता येणाऱ्या तुकड्याला दिलं. लहानपणी सायकलचे ब्रेक गेले की आपण चप्पल टायरला घासून थांबायचो ना? युक्ती तीच. चप्पल झिजते, टायर वाचतो.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागातही गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावायचे. ते बघून हर्बर्ट फ्रूडला कल्पना सुचली आणि १८९७ मध्ये त्याने यावर प्रयोग सुरू केले. पुढे 'फेरोडो' हे ब्रेक लायनिंगचं नाव त्याच्याच आडनावावरून तयार झालं.

१९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. धातूची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे तांब्याचे पॅड. कल्पना एकदम भारी, पण धातूवर धातू घासला की कान किटायचे. मग पॅडवर ॲस्बेस्टॉसचा थर आला. आवाज कमी झाला, उष्णताही सोसली. पण त्याची धूळ फुप्फुसात जाऊन माणसं मरायला लागली. म्हणजे झीज कुणाच्या तरी वाट्याला येतच होती. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. दरम्यान १९५३ ची ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने जिंकली आणि मग डिस्क ब्रेक हळूहळू साध्या गाड्यांतही आले.

आता परत पार्किंगमध्ये या. मी बाबांना सांगितलं, "उद्या गाडी नेऊ नका." ते म्हणाले, "अगं, थोडा आवाज तर आहे!" मी म्हटलं, "चाक काढून दाखवते."

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे काका सोबत उभे राहिले. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. नट आधी सैल केले, मग जॅक लावला. नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, म्हणून काकांनी खाली स्टँड दिला. चाक निघालं आणि उत्तर समोर होतं. आतल्या पॅडचा मसाला संपला होता. मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती. डिस्कवर नखाला लागतील इतके खोल चरे. १९०२ चा आवाज आमच्या गाडीत परत आला होता!

आणि तो 'चीं'? अनेक पॅडना एक छोटी धातूची पट्टी असते. मसाला दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला लागते आणि ओरडते. आमच्याही पॅडला होती. बिघाड नव्हता तो, कुणीतरी विचार करून ठेवलेला निरोप होता. तेव्हाच ऐकलं असतं तर फक्त पॅडवर भागलं असतं. आता डिस्कची जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान आकड्याच्या खाली गेली होती, म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या. बाबा काही बोलले नाहीत. चऱ्यांवरून बोट फिरवलं आणि ट्रिप पुढे ढकलली.

शनिवारी सामान आणून काम केलं. धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कॅलिपरचा पिस्टन क्लॅम्पने हळूहळू मागे ढकलायचा आणि ब्रेक ऑइल वर येऊन सांडत नाही ना, बघायचं. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे आणि त्यांना ग्रीसचा हात लावायचा नाही. सगळं बसवल्यावर मी लगेच गाडी काढणार, तेवढ्यात काका ओरडले, "थांब, आधी पेडल मार!" पहिल्यांदा पेडल पार खाली गेलं. चार-पाच वेळा दाबल्यावर कडक झालं. तसंच निघाले असते तर समोरची भिंतच ब्रेक झाली असती.

म्हणून एक सांगते, पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस शेजारी हवाच. आणि 'खर्रर्र' ऐकू आलं तर गाडी चालवतच राहू नका.

पुढच्या रविवारी आई-बाबा ताम्हिणी उतरले. आईचा मेसेज आला, "पोचलो. आवाज नाही."

तुमची गाडी काय म्हणतेय? आज घरी जाताना जरा गाणी बंद करून ऐका. हा पॉडकास्टसुद्धा. भेटूया पुढच्या भागात!