हाकेला ओ देणारा माणूस

१५२० साली मॅगेलनची जहाजे हिवाळा काढण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर थांबली. तिथल्या दोघा उंचापुऱ्या माणसांचे हात भेटवस्तूंनी भरले गेले आणि मग त्यांच्या पायांत लोखंडी बेड्या अडकवल्या गेल्या. फसवणूक कळताच ते आपल्या ‘सेतेबोस’ देवाला हाका मारू लागले. जहाजावरच्या कैद्याकडून पिगाफेट्टाने त्याच्या भाषेतले सुमारे ९० शब्द टिपून घेतले. कैदी वाटेतच मेला. शब्द मात्र युरोपात पोचले. ‘सेतेबोस’ तर शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्येही आला.

अभ्यासकांच्या मते हे शब्द तेवेल्चे भाषेचे. तेवेल्चे, तेउशेन, सेल्कनाम आणि हाउश या बहिणींचे कुटुंब म्हणजे चोन भाषाकुल. १८८० नंतर तिएरा देल फ्वेगो बेटावर मेंढ्यांची कुरणे आली. सेल्कनाम माणसांचे कान कापून आणणाऱ्यांना इनाम मिळू लागले. जे वाचले, त्यांतले बरेच मिशनच्या वस्तीत रोगराईने गेले.

१९६६ साली वृद्ध लोला किएप्हा यांनी संशोधिका अ‍ॅन चॅपमन यांच्या टेपरेकॉर्डरपुढे सेल्कनाम गाणी गायली. त्याच वर्षी त्या वारल्या. तेवेल्चे अस्खलित बोलणाऱ्या दोरा मांचादो २०१९ मध्ये गेल्या.

तरी २०२३ मध्ये चिलीने सेल्कनामांना जिवंत समाज म्हणून कायद्याने मान्यता दिली. त्यांचे वंशज आता जुन्या नोंदींतून शब्द शिकत आहेत. मित्रहो, शब्द कागदावर टिकतात, आवाज टेपवर. पण भाषा जगायची, तर हाकेला ओ देणारा माणूस लागतो.