जुनेराचे मोल

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नवे कापड घालायचे नाही, असा मराठी घरांत जुना रिवाज आहे. बारशाला आत्या झबले-टोपडे आणील ते नवे; तोवर बाळाच्या वाट्याला आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे आणि आजोबांच्या धोतराची बाळुती. कणग्या धान्याने भरलेल्या घरात हा रिवाज पाळला जाई आणि बाळंतिणीला बदलायला दुसरे लुगडे नसलेल्या घरातही. जुन्या काटकसरीबद्दल बोलताना ती गरिबीतून आली असे आपण धरूनच चालतो: पैसा नव्हता तेव्हा लोक जपून वापरत, पैसा आला तसे टाकू लागले. हे स्पष्टीकरण मला अर्धेच वाटते. कापड का जपले जाई हे टंचाईवरून कळते. पण कोणते कापड कशासाठी राखायचे, ते कधी फाडायचे आणि कधी फाडायचे नाही, हे टंचाई ठरवत नव्हती. ते ठरत होते सुताच्या स्वभावाच्या जाणकारीने, आणि ती जाणकारी घरातल्या बायकांकडे होती. मराठी घराच्या काटकसरीचा इतिहास तिच्याभोवतीच मांडायला हवा.

टंचाई खरी होती, यात शंका नाही. हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले लुगडे म्हणजे अनेक माणसांचे कित्येक दिवसांचे काम, आणि त्याची किंमतही तशीच. कापड हे वेतनच मानले जाई. पेशवाईत चाकरांच्या मोबदल्यात रोकडीसोबत धान्याचा आणि कापडाचा वाटा असे. पुढे विसाव्या शतकातही सालगड्याशी साल ठरवताना पैसे, ज्वारी आणि अंगावरचे कपडे यांची बोली एकत्रच होई. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली. त्यानंतर गिरण्या वाढल्या आणि कापड स्वस्त होत गेले, तरी खेड्यातल्या बाईला वर्षाला दोन लुगडी मिळाली तर ते वर्ष बरे म्हणायचे. दुष्काळात तीही नाहीत. दुसऱ्या महायुद्धात तर शहरातल्या मध्यमवर्गालाही कापडाची चणचण भासली. १९४३ साली सरकारला सूत आणि कापड यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. कापड जपण्याला कारणे होती ती अशी. आता जपण्याची रीत पाहू.

नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी जातो, पदर आणि काठ टिकून राहतात. म्हणून मधला विरलेला पट्टा कापून काढायचा आणि दोन धड भाग जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. कधी दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग एकत्र करून एक नेसते लुगडे उभे राही. दंडही टिकेना झाला की ते जुनेर झाले, आणि इथून त्याचे दुसरे आयुष्य सुरू होई. बाळंतिणीचे पोट बांधायला जुनेरच लागे, कारण नवे कापड काचते आणि घट्ट बसत नाही. तापात कपाळावर ठेवायची पट्टी, गळवावरच्या पोटिसाचे फडके, बाळुती, महिन्याच्या अडचणीच्या दिवसांतल्या घड्या, या सगळ्याला जुनेरच. नव्या सुती कापडात खळ असते, रंग पक्का बसलेला नसतो, धाग्याला अजून कड असते. शेकडो धुण्यांत खळ निघून जाते, रंग जायचा तेवढा जातो, धागा फुलतो आणि पाणी पटकन ओढू लागतो. नाजूक त्वचेसाठी आणि ओल टिपण्यासाठी सर्वांत योग्य कापड म्हणजे नेसायला सर्वांत अयोग्य झालेले कापड, हे त्या बायकांनी हाताने ओळखले होते. त्याहून विरले की गोधडीत, गोधडीतूनही उरले की हात पुसायचे फडके, मग पोतेरे, आणि अगदी शेवटी काकड्यासाठी पिळलेली चिंधी. ही उतरंड उलटी करता येत नाही: पोतेऱ्याचे पुन्हा दुपटे होत नाही. प्रत्येक पायरीवर कापड खालच्या कामाला लावण्याआधी वरचे काम पूर्ण संपले आहे ना, हे पाहावे लागे, आणि ही पारख चुकली तर वर्षभराचा हिशेब चुके.

गोधडीत ही पारख सर्वांत स्पष्ट दिसते. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळही म्हणतात. सुगी आटोपल्यावर, उन्हाळ्यात, अंगणात किंवा देवळाच्या फरशीवर एक अखंड जुनेर ताणून अंथरायचे आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर तुकड्यांचे थर. जाड धोतराचा तुकडा मध्ये, कारण ऊब तो धरतो. फाटके सदरे, विरलेले परकर त्याच्या आजूबाजूला, खळगा राहणार नाही अशा बेताने. वर पुन्हा धड कापड, बहुधा रंगीत, कारण ते डोळ्यांसमोर राहणार. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घालत आत मध्यापर्यंत यायचे. काठाला टीप घट्ट, कारण ओढाताण तिथेच होते. टाके एकमेकांना जवळ, कारण ते लांब पडले की धुताना आतले थर गोळा होतात. जुन्या काठांचे उसवलेले दोरेही शिवणीला वापरले जात. सगळी सामग्री टाकाऊ, पण बांधणीत कुठे हलगर्जी नाही. आज शहरांतल्या दुकानांत गोधडीचे रंग आणि नक्षी पाहून लोक तिला लोककला म्हणतात, ते खरेच आहे. मला मात्र तिच्या थरांचा हिशेब नक्षीइतकाच मोलाचा वाटतो.

या सगळ्यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप असा की ही काटकसर बायकांच्या फुकटच्या कष्टांवर उभी होती. दंड घालणे, बाळुती धुणे, गोधडी शिवणे यांचा मोबदला कुणी दिला नाही, आणि पुरुषांच्या हिशेबाच्या वहीत ही कामे कधी आली नाहीत. हे मान्य करावेच लागते. घटस्थापनेआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची चाल अजून अनेक गावांत आहे. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. दोघी मिळून पिळतात आणि खडकावर वाळत घालतात. जुनी रीत परत आणा असे सहज म्हणणाऱ्याने या वजनाचा विचार आधी करावा. पण कष्टांची दखल घ्यायची आणि त्या कष्टांतली अक्कल विसरायची, हा त्या बायकांवर दुसरा अन्याय होईल. सुताराच्या हातातल्या ज्ञानाला आपण कसब म्हणतो. जुनेर हातात घेऊन त्याची पुढची दहा वर्षे ठरवणाऱ्या बाईच्या ज्ञानालाही तोच मान हवा.

दुसरा आक्षेप जातीचा आहे, आणि तो अधिक बोचरा आहे. जुने कापड घरातच उतरत नव्हते, समाजातही उतरत होते. चांडाळाने मृतांची वस्त्रे वापरावीत असे मनुस्मृती सांगते, आणि महाराष्ट्राच्या गावगाड्यात प्रेतावरचे कापड महारांच्या हक्काचे म्हणून त्यांच्या वाट्याला येई. एका घरात जे जपणुकीचे लक्षण, तेच दुसऱ्या घरावर लादलेली मानहानी होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले. लुगडे नेसण्याची जी पद्धत तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखायला लावते ती सोडा, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. फाटके वस्त्र ही लाज नव्हे. वस्त्रावरून माणसाची पायरी ठरवली जाणे ही लाज, असा तो भेद आहे. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) ठिगळांचे वस्त्र आपण होऊन अंगावर घेतले, गोधडे महाराज म्हणून लोक त्यांना ओळखू लागले, आणि त्याच वेशात त्यांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. ठिगळ तेच, एकाने निवडलेले, दुसऱ्यावर लादलेले. काटकसरीचे गोडवे गाताना हा फरक पुसला गेला तर ते लिखाण खोटे ठरेल. म्हणून मी जुनेराच्या बाजूने बोलतो ते फक्त ज्या घरात ते आपल्याच अंगावरून उतरले त्या घरापुरते.

तिसरा आक्षेप आरोग्याचा. पाळीच्या घड्यांनी जंतुसंसर्ग होई, असे डॉक्टर सांगत आले. त्यांचे म्हणणे चूक नव्हते, पण दोष कापडाचा कमी आणि लाजेचा जास्त होता. त्याच घरात बाळुती उकळून अंगणातल्या कडक उन्हात वाळत, आणि घड्या मात्र कुणाला दिसू नयेत म्हणून दमट कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळवल्या जात. कापड एक, ऊन मिळण्याचा हक्क वेगळा. दुखणे त्या अंधारातून येई.

मग ही रीत मोडली कशाने? सुबत्ता हे एक कारण आहेच, पण मला धाग्याचा बदल अधिक निर्णायक वाटतो. १९६० नंतर टेरिलीन, नायलॉन, टेरिकॉट घरोघर आले. बायकांनी त्यांचे स्वागत केले आणि ते रास्तच होते: धुवायला हलके, लवकर वाळणारे, इस्त्री न लागणारे, वर्षानुवर्षे न विरणारे कापड म्हणजे कष्टांतून मोठी सुटका. पण जे विरत नाही ते मऊही होत नाही. साधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. अशा साडीचे बाळुते ओल टिपत नाही, तिची पट्टी कपाळाचा ताप ओढत नाही, पोतेऱ्याने फरशीवरचे पाणी नुसते पुढे सरकते. साडी दिसायला धड, घरात मात्र तिला दुसरे काम नाही. लुगड्याची उतरंड पहिल्याच पायरीवर तुटली.

बोहारणीचा फेरा याच काळात वाढला, हा मला योगायोग वाटत नाही. मूळ गुजरातच्या वाघरी समाजातल्या बायका डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन मुंबई-पुण्याच्या चाळींत येत, जुने कपडे घेत आणि त्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा देत. जरीच्या जुन्या शालूला वेगळा भाव, कारण जर जाळून चांदी काढता येई. सदरे-पँटी दुरुस्त होऊन जुन्या बाजारात जात. दारातली ती घासाघीस घरच्या बाईचीही परीक्षा पाही आणि बोहारणीचीही. कपड्याची वीण, काख, कॉलर बोटांनी चाचपून दोघी त्याचे उरलेले आयुष्य मोजत. घरातली पारख अशी काही काळ दारात येऊन टिकली. पण बोहारणीलाही भाव मिळायचा तो पुन्हा घालता येईल अशाच कपड्याला. निव्वळ चिंधीला नाही.

सुती चिंधीला मात्र एक मार्ग पूर्वीपासून होता. जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्यात कागदी लोक चिंध्या आणि जुना ताग कुटून कागदाचा लगदा करत. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने तोच कच्चा माल नव्या काळात वापरला. मिश्र धाग्याचा कपडा तिथेही अडतो, कारण त्यातले पॉलिएस्टर कुटून लगद्यात मिसळत नाही. म्हणजे जुने कपडे जपा, पुन्हा वापरा, हा आज घरोघर दिला जाणारा सल्ला कपडा जुना होण्याच्या कितीतरी आधी, दुकानात, कापडाचा पोत दोन बोटांत धरला जातो तेव्हाच साधतो किंवा फसतो. दंड घालणाऱ्या बायकांना ही निवड करावी लागली नाही. त्यांच्या बाजारात बहुतेक सारे सुतीच होते. आपल्याला ती करावी लागते, आणि सुती साडी आज बहुधा पॉलिएस्टरपेक्षा महाग असते. तिच्या किमतीत पुढची दुपटी, फडकी आणि गोधडीचे थर धरले तर हिशेब बदलतो. पण तो हिशेब करायला दुकानात उभ्या असलेल्या माणसाला जुनेराची सगळी उतरंड ठाऊक असावी लागते.